जिना मी हलवला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. अहो, आख्ख्या विद्यापीठाचा जिना मी इकडचा तिकडे केला. एकट्याने! आणि तेही खुर्चीत बसून!

मी सुरतेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात कंत्राटी कामाला. कंत्राट सहा महिन्यांचं, काळजी बारमाही. त्यात आमच्या ग्रंथपाल मॅडमनी फर्मान काढलं, कॅम्पसच्या इमारती कशा उभ्या राहिल्या याचं जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं. बांधकाम विभागाच्या कपाटात निगेटिव्हचा एक डबा सापडला होता. स्कॅन करणं, माहिती लिहिणं, सगळं माझ्या गळ्यात.

"आणि माझ्या मुदतवाढीचं, मॅडम?"

"प्रदर्शन होऊ द्या. मग बघू."

हे 'मग बघू' काय असतं, ते ज्याने कंत्राटावर दिवस काढलेत त्यालाच विचारा!

तर एका फोटोत आमची मुख्य इमारत अर्धी उभी. बांबूंचे परांचे, डोक्यावर विटांची घमेली घेतलेल्या बायका, आणि बाहेरचा मोठा जिना डाव्या हाताला. मी उठून अंगणात जाऊन पाहिलं. जिना उजव्या हाताला! पुन्हा फोटो पाहिला, पुन्हा अंगणात गेलो.

म्हणजे जिना पूर्वी कधीतरी हलवला असणार. दुसरं काय असणार, तुम्हीच सांगा?

तरी खात्री हवी म्हणून त्या वेळचे सुपरवायझर मनहरभाई यांना फोन लावला. निवृत्त होऊन त्यांना जमाना झालेला, त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"हा, हा! सीडी खसेडी हती ने, मारी नजर सामे!"

झालं! यांच्या डोळ्यांदेखत जिना सरकवला होता म्हणे. मी दोन पानं लिहून काढली. कारणही शोधलं, तापीवरून येणारा वारा! मॅडम खूश. त्यांनी ती पानं कुलगुरूंना दाखवली, कुलगुरूंनी आर्किटेक्चरच्या सरांना बोलावलं, सरांनी डाव्या बाजूचा फुलांचा वाफा खणून काढला. निघाल्या दोन विटा. माळी ओरडत होता की विटा त्याच्याच आहेत, वाफ्याच्या कडेला लावलेल्या. पण ऐकतंय कोण? विटा काचेच्या पेटीत गेल्या, 'मूळ जिन्याचे अवशेष' म्हणून.

एवढं मोठं होईल असं कुठे वाटलं होतं! पण आता मागे फिरायचं कसं?

छापून आलेली प्रदर्शनाची पुस्तिका मी कोसाडला घरी नेली. आईने चष्मा लावला आणि त्याच फोटोवर बोट ठेवलं.

"अरे, हाई ते मीच शे!"

आम्ही मूळचे खानदेशातले. लग्न होऊन आई सुरतेत आली तेव्हा सुरुवातीला बांधकामावर जायची, हे मला माहीत होतं. पण घमेलंवाली प्रत्येक बाई काय माझी आई?

"आई, हिचा पदर बघ. उजव्या खांद्यावर आहे. ही गुजराती बाई. आपल्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावर असतो. मी खाली तसं लिहिलंसुद्धा आहे. हे बघ, 'स्थानिक गुजराती श्रमिक महिला'."

"आणि हाऊ जिना आठे नही व्हता."

"तो हलवलाय, आई!"

"कोन्ही हलवा?"

"तुला नाही आठवत आता," असं म्हणून मी पुस्तिका मिटली. तिने चष्मा काढून ठेवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण डोक्यात मुदतवाढ घुमत होती.

उद्घाटनाच्या सकाळी आई कपाटाच्या आरशासमोर उभी होती. साडी नेसून झालेली, हातात तीच पुस्तिका.

"आठे ये. आते देख."

मी आरशात पाहिलं. फोटोतला जिना उजवीकडे. बाईचा पदर डाव्या खांद्यावर. आणि घमेल्याखाली, तरुण, सडपातळ, माझी आई.

"गुजराती बाईना पदर पुढे येस. हाऊ मांगे जायेल शे. इतलं बी कळत नही तुले?"

मी निगेटिव्ह पालथी ठेवून स्कॅन केली होती! डावं ते सगळं उजवं झालं होतं!

आईला स्कूटरवर घेऊन मी कसा पोचलो, देव जाणे. सभागृहात कुलगुरूंचं भाषण सुरू झालेलं. मागे आठ फुटांचा तो फोटो, बाजूला विटांची पेटी. मी मॅडमच्या कानाशी जाणार, तेवढ्यात कुलगुरू म्हणाले, "या घटनेचे साक्षीदार आपल्यात आहेत," आणि मनहरभाई शाल सावरत उठले. जिना कसा सरकवला, किती माणसं लागली, सगळं रंगवून सांगायला लागले.

आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"झूट मत बोलो भाई! इसी जिने पे मैंने ईंटा चढाया, उधर ही था! तुम नीचे खडे रहके चिल्लाते थे मेरे पे!"

मनहरभाईंनी डोळे बारीक करून आईकडे पाहिलं. मग ओळख पटली असावी, कारण ते शाल गुंडाळून मुकाट्याने खाली बसले. मला वाटलं, जमिनीने आत्ता पोटात घ्यावं. उठलो आणि सांगून टाकलं, "जिना हलला नाही, सर. निगेटिव्ह माझ्याकडून पालथी पडली."

मॅडमनी मला बाहेर बोलावलं.

"त्या बाई कोण?"

"आई, मॅडम. माझी."

"तुमची? मग छापायच्या आधी घरी एकदा दाखवायचं होतं ना!"

"छापल्यावर दाखवलं. तिने सांगितलं होतं, मॅडम."

"मग?"

"मी म्हटलं, तुला नाही आठवत."

मॅडम वळल्या आणि थेट आईपाशी जाऊन बसल्या.

मुदतवाढ मिळाली! सहा महिन्यांची. पत्रात लिहिलंय, प्रत्येक फोटो छापण्याआधी तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा, आणि तज्ज्ञांना घरून आणणं-सोडणं मदतनिसाने करावं. मदतनीस मी. तज्ज्ञ रोज माझ्या स्कूटरवर मागे बसतात. चौकात मी वळायला हात दाखवला की पाठीत बोट खुपसून विचारतात, "पोऱ्या, हाई उजवीच बाजू शे ना रे?"