रुई पहिली, माय दुसरी

चौथीत गुरुजींनी ‘अकुलीन’ शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून दिला होता: हलक्या कुळाचा, मान नसलेला. मी तो घोकला, परीक्षेत लिहिला आणि विसरले. खरा अर्थ मला सावली तालुक्यातल्या आमच्या गावात, माझ्या हळदीच्या दिवशी कळला.

माझी माय अठराव्या वर्षी विधवा झाली. तिच्याशी माझ्या बापानं पाट लावला, म्हणजे विधवेशी करतात ते कमी मानाचं लग्न. बाप तेव्हा कुवारा होता. कुवाऱ्यानं विधवेशी पाट लावायचा, तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावायची रीत. म्हणजे त्याची पहिली, मानाची बायको रुई आणि दुसरी माझी माय! ज्या झुडपाला बकरीही धड तोंड लावत नाही, त्याला हळद, अक्षता सगळं झालं. मायला मागच्या दारी एक लुगडं नेसवलं, झालं. आजही हे सांगताना माझं डोकं फिरतं.

हळदीला मी मांडवात बसले. आत्यानं पाच सवाशिणी बोलावल्या. माय दूर कोपऱ्यात तांदूळ निवडत होती.

“माय काऊन नाई?” मी विचारलं.

“पाटाची बाई हळद लावत नाई, पोरी. हलकी असते ते. तुयं चांगलं व्हावं वाटते का नाई तुले?”

हलकी! धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून आमच्या शेतातल्या साऱ्या बांध्या लावणारी बाई हलकी, आणि बांधावरून हुकूम सोडणारी ही आत्या मोठ्या कुळाची! बाप खांबाशी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं विडी पेटवली.

मी उठले, हळदीची वाटी घेऊन मायपुढे गेले. “लाव,” म्हटलं. तिनं हात पदराखाली लपवले.

“नको वं बाई. माया हातानं तुयं काई वाईट झालं तं?”

मी तिचा हात ओढला, वाटीत बुडवला आणि माझ्या गालावर फिरवला.

मायनं पदराचं टोक ओलं केलं आणि माझा गाल घासला. रडत होती, पण पिवळेपणा जाईपर्यंत घासत राहिली. मग मला दंडाला धरून तिनंच त्या पाच जणींपुढे नेऊन बसवलं.

“समजदार हाये बाई,” आत्या म्हणाली. तेवढ्या शाबासकीनं माय हसली. आत्याचा राग आला, बापाचा आला. पण सगळ्यात जास्त राग मला मायच्या त्या हसण्याचा आला. तो अजून गेलेला नाही.