बोडक्या डोक्याचं क्रियापद

“याची टोपी कुठंय?” फळ्यावरच्या क्रियापदावर खडू आपटत आमचे इंग्रजीचे मास्तर विचारत. ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘विदाउट’ ही त्यांच्या लेखी दरबारातली बडी मंडळी. “त्यांच्यासमोर बोडक्यानं कोण येतं, बाबा? ‘आफ्टर ईट’ नाय. ‘इंग’ची टोपी चढव. हां, ‘आफ्टर ईटिंग’. बैठो!”

औरंगाबादच्या त्या शाळेत मी नवा मराठी शिक्षक होतो. दुपारी उन्हाची तिरीप खडूच्या धुळीत तरंगायची, छतावर कबुतरं घुमायची आणि भिंतीपलीकडून हा आवाज यायचा. माझी मुलं पेंगायची. तुमच्यापासून काय लपवू, मीही पेंगायचो.

पोलीस अॅक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि आमची उर्दू शाळा मराठी झाली. मास्तरांनी पंचवीस वर्षं इंग्रजी उर्दूतून शिकवलेलं. हुकूम आला, मराठीची परीक्षा पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. मराठी ते बोलायचे, पण लिहिता येत नव्हतं; त्यांनी मलाच गाठलं. वयानं मी त्यांच्या मुलासारखा, पण मधल्या सुट्टीत पाटी घेऊन चिंचेखाली बसले की मला “उस्ताद” म्हणायचे.

“उस्ताद, तुमचा ‘ळ’ लई जालिम हाय!”

चार महिन्यांत ते पाटीवर सुरेख लिहू लागले. मी थोडा फुशारलोही होतो.

ते नापास झाले.

मी तणतणत कचेरीत गेलो. कारकुनानं उत्तरांची वही पुढे टाकली. अर्ज लिहायचा होता. पहिल्याच पानावर ‘आपला नम्र सेवक’ आणि सही, तर ‘माननीय महोदय’ पार शेवटच्या पानावर! अक्षर सुबक, चूक एकही नाही. मास्तरांनी वही उर्दूच्या सवयीनं मागून उघडली होती आणि पानंही तशीच उलटली होती. तपासणाऱ्याचा शेरा होता, ‘असंबद्ध’. मी खूप विनवण्या केल्या.

“निकाल लागला,” कारकून म्हणाला.

ते हैदराबादला मुलीकडे निघाले. स्टेशनवर मी त्यांची माफी मागितली. वही कुठून उघडायची, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

“पण मास्तर, इंग्रजीची वही तर तुम्ही बरोबर उघडायचा,” मी न राहवून म्हणालो.

ते हसले. “इंग्रजी परायी, उस्ताद. तिची वही तिच्या बाजूनं उघडायची. मराठी तर आपल्या घरची. म्हटलं, घरच्यासारखीच उघडावी.”

गाडी हलली. मला रडू आवरलं नाही.