सुट्टीच्या दिवशी येते

संघाच्या ताई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "सुट्टीच्या दिवशी येते. तुमचा गट चालू असताना बघायचाय." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. वार विचारायचं मनातही आलं नाही. आमच्या भिवंडीच्या नारपोलीत सुट्टी म्हणजे शुक्रवार. त्या दिवशी कापड विणणारे लूम बंद, गल्ली शांत, माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं. यात विचारायचं काय?

आमचा गट मुलींचा. संध्याकाळी जमायचं, कबड्डी खेळायची, कॅरम, थोडा अभ्यास आणि पोटभर गप्पा. जागा माझ्या मोठ्या दिरांची, लूम विकल्यावर रिकामा पडलेला कारखाना. चालवणारे आम्ही दोघंच. मी आणि शेजारच्या कारखान्यात लूम दुरुस्त करणारे जॉबर, ज्यांना मुली मामा म्हणतात. पगार कोणालाच नाही. कल्याणचा हा संघ म्हणजे एक सेवाभावी संस्था, आमच्यासारख्या गटांच्या पाठीशी असते. मुलींना सांभाळायचं कसं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. मुलींचा विमा तेच काढतात. एखादा बाप भांडायला आला तर ताई स्वतः फोनवर बोलतात. आणि नियमही त्यांचाच, की दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय शटर उघडायचं नाही.

तर त्या भेटीवर आमचं सगळंच अडकलं होतं. दिरांना जागा गोडाऊनला द्यायची होती. "पोरी खेलतान, एखादी पडली तं पोलीस माज्या दारान येतील," ते म्हणाले. "तुजा संघ हितं येऊन माज्या तोंडावर सांगू दे, जबाबदारी कोनाची ती. न्हाय तं सोमवारी गोडाऊनवाला येतोय, त्याला चावी देतो."

गट बंद पडला तर काय होणार, हे मला एका मुलीच्या आईनं आधीच सांगून ठेवलं होतं. "ग्रुप बंद हुआ तो इसको कांडी भरने बिठाऊँगी. खाली थोड़ी बिठाऊँगी घर में." बाई दुष्ट नव्हती, खरं तेच बोलत होती. लुमासाठी सुताच्या कांड्या भरायला एकदा बसलेली मुलगी परत खेळायला आलेली मी आमच्या गल्लीत बघितलेली नाही. त्या मुलीचा कबड्डीतला पाय असा होता, की तिनं आत पाऊल टाकलं की समोरच्या मुली आपोआप मागे सरायच्या.

शुक्रवारी आम्ही जय्यत तयारी केली. मुलींनी कोपरे झाडले, मामा दाढी करून आले, दीर इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. आम्ही वाट बघत राहिलो. ताईंचा फोन लागेना. खेळात कोणाचं लक्ष नव्हतं, रिक्षाचा आवाज आला की सगळ्या दाराकडे बघायच्या. शेवटी दिवेलागण झाली. दीर उठले, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, "काय गो, तुजी संघवाली वाट चुकली का?" मी कॅरमच्या सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या. तोंड उघडलं असतं तर घरात वर्षभर पुरेल एवढं भांडण झालं असतं.

रविवारी मी शेलार गावी भाचीच्या हळदीला गेले होते, म्हणून गट बंद होता. बेंजो वाजत होता, हाताला हळद लागली होती, आणि फोन वाजला.

"मी शटरसमोर उभी आहे," ताई ओरडून बोलत होत्या. मागे लुमांची खटखट. "इथे कुलूप आहे. सुट्टीच्या दिवशी ठरलं होतं ना आपलं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. त्यांची सुट्टी रविवारची. आख्ख्या जगाची रविवारचीच असते म्हणा. भिवंडीत ती तशी नाही हे सांगायला हवं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. हळदीच्या हातानं तशीच रिक्षात बसले. वाटेत गोडाऊनच्या ट्रकांची रांग लागलेली. प्रत्येक ट्रकला मी शिव्या घातल्या, रिक्षावाल्याला घातल्या, ताईंनाही घातल्या. रडूही येत होतं आणि रागही.

पोचले तर ताईंच्या शेजारी दीर हाताची घडी घालून उभे. कोणीतरी त्यांना जाऊन सांगितलं असणार. मी शटर उघडलं, तिघं आत गेलो. दोन्ही बाजूंचे कारखाने चालू, आतही ओरडूनच बोलावं लागत होतं.

"गट बंद दिसला, तर चालू आहे असं मी कसं सांगू?" ताई म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशीही मुली नाहीत?"

मी सांगायला तोंड उघडलं, त्याआधी दीरच कडाडले. "रईवारची सुट्टी कोन घेतो वो भिवंडीन? ऐकाला येते का, लूम चालू हान ते? शुक्रवारी आलते का तुमी? मी बसलू होतू हितं, सगल्या पोरी होत्या!"

मी चकित. दोन दिवसांपूर्वी मला टोमणा मारणारा माणूस बाहेरच्या बाईसमोर आमची बाजू घेत होता. खरं तर आमची नाही, शुक्रवारची घेत होता.

ताई चिडल्या नाहीत. कपाळावर हात मारून म्हणाल्या, "चूक माझी. शुक्रवारी मी दिवसभर प्रशिक्षणात होते, फोन बंद होता." मग मला विचारलं, "मामांची ड्युटी लागली, तर दुसरं मोठं माणूस कोण असतं?"

हा प्रश्न नको होता. दीर ऐकत होते, आणि खोटं बोलले असते तर मामांना विचारून ते उघडं पडलंच असतं. "कोणी नसतं," मी म्हटलं. "शटर उघडत नाही. मुलींना परत पाठवते."

"परत पाठवतेस?" दिरांचा आवाज एकदम खाली आला. लुमांच्या खटखटीत मला शब्द ओठांवरूनच कळले. "माज्या दारानशी पोरी परत जातान?"

"मग काय करू भाऊ? नियम आहे."

आमच्या घरात दारात आलेल्याला निदान पाणी तरी पाजतात. त्यांचा चेहरा लाल झाला. ताईंनी नेमका तोच क्षण पकडला. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, एकटा संघ जबाबदारी घेऊ शकत नाही. इथली दोन माणसं उभी राहिली, तर आम्ही त्यांच्या मागे उभे राहतो. मामा नसताना दुसरं माणूस नसेल, तर मलाच हा गट बंद करायला सांगावं लागेल."

 मी दिरांकडे बघायचं टाळलं. हातावरची हळद वाळून तडकली होती, ती नखानं खरवडत राहिले.

"मी बसन," दीर म्हणाले.

ताईंनी त्यांना लगेच सांगितलं, की नुसतं बसून भागत नाही, आधी प्रशिक्षणाला यावं लागतं आणि पोलिसांचा दाखलाही लागतो. मला वाटलं, आता हा माणूस भडकणार. त्यांनी फक्त मान हलवली. आणि मला संताप आला, तो लपवत नाही. किती दिवस मी ह्यांच्या विनवण्या करत होते! घरातल्या बाईचं ऐकायचं नाही, आणि परकी आली की एका वाक्यात कबूल.

सोमवारी गोडाऊनवाला आला. मी दिरांच्या मागेच उभी होते, आदल्या दिवशीच्या शब्दावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. त्यानं शटरमधून आत डोकावलं. दुपारची वेळ, आत फक्त भिंतीला टेकवलेला कॅरम बोर्ड.

"खाली तो है, शेठ," तो म्हणाला.

दिरांनी त्याच्या तोंडासमोरच शटर खाली ओढलं.

"खाली नाय है," ते म्हणाले. "भरेला है."