आयत्या वेळचे विषय

गायरान मोजायला दोन माणसं आली आणि आठ दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर संविधान दिनाच्या ग्रामसभेची नोटीस लागली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, या दोन गोष्टी लगेच एकत्र बांधल्या. मी नाही बांधल्या.

आमचं गाव तापीकाठचं, शहाद्यापासून लांब नाही. जमीन थोडी, ती ऊस आणि पपईत जाते, चाऱ्याला काही उरत नाही. आमच्या दोन म्हशी गायरानात चरतात. आई त्यांना रोज घेऊन जाते. त्यांच्या दुधावर मी बी.ए. झाले, राज्यशास्त्र घेऊन. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. तर ते गायरान सोलरच्या प्लेटांना जाणार अशी गावात कुजबुज होती. ते गेलं की म्हशी विकायच्या, हे घरात कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

नोटिशीवर दोनच विषय होते. एक, उद्देशिकेचं सामूहिक वाचन. दोन, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. आप्पा सातवी शिकलेले. पहिल्या विषयाकडे त्यांनी पाहिलंही नाही. दुसऱ्यावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले.

त्याच दिवशी ग्रामसेवक भाऊसाहेब घरी आले. संविधान कसं तयार झालं ते दहा मिनिटं सांगा म्हणाले, ताई, गावात तुमच्याशिवाय आहे कोण? मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

दुपारी ओट्यावर मी आप्पांना भाषण म्हणून दाखवलं. ते विळ्याला धार लावत होते. घटना समिती जवळजवळ तीन वर्षं बसली, कलमाकलमावर भांडली, दुरुस्त्या आल्या, पडल्या, हे सगळं सांगून मी उद्देशिकेवर आले. "आम्ही, भारताचे लोक" म्हटलं आणि त्यांचा हात थांबला.

"आम्ही म्हंजे कोन?"

सगळेच, मी म्हणाले.

"तर मंग 'आपण' काबरं नही लिखं? 'आम्ही ठराव केला' म्हननारा मानूस तुले बाहेर ठेवीसन बोलस, पोरी."

शाळेच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानांवर ती उद्देशिका होती. दहा वर्षं मी ती प्रार्थनेनंतर म्हटली. हा शब्द मला कधी टोचला नव्हता. मग त्यांनी आणखी एक विचारलं: "तुन्हा आजलानं मत लिधं व्हतं का त्यास्नी?"

दुसऱ्या दिवशी शहाद्याला कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. वादविवादांचे जाड खंड सगळ्यात खालच्या कप्प्यात होते. आजोबांचं मत कोणी घेतलं नव्हतं. समितीतली माणसं प्रांतांच्या विधिमंडळांनी पाठवली होती, आणि विधिमंडळाला मत द्यायचं तर शेतसारा, घरदार नाहीतर शिक्षण लागायचं. आजोबांच्या नावावर तेव्हा बांधभरही जमीन नव्हती. पुढे वाचलं तर समितीतही कोणीतरी उठून हेच बोललेलं. सगळ्या जनतेनं मत देऊन आपल्याला निवडलेलं नाही, मग जनतेच्या नावानं कसं बोलायचं? आणखी एक सापडलं. उद्देशिका पुस्तकात सगळ्यात वर असली तरी समितीनं ती चर्चेला घेतली अगदी शेवटी, म्हणजे आत जे ठरलं त्याच्याशी ती जुळावी.

घरी येऊन मी हे प्रामाणिकपणे सांगितलं. त्या माणसाचं पुढे काय झालं, आप्पांनी विचारलं. म्हटलं, हात वर झाले, त्याचं म्हणणं पडलं.

"हात वर करनारा तेच ना."

मी चिडले. त्याच पुस्तकानं पुढे आजोबांना मत दिलं, शेतसारा न विचारता, हे विसरायचं का? ते खरं, असं ते म्हणाले आणि उठून गेले. त्यांच्या "ते खरं"मध्ये पुढचं वाक्य नेहमी राखून ठेवलेलं असतं.

सभेला मंडळी बरी जमली. पोरांना शाळेनं आणलं होतं, पोरांमागे बाया आल्या. आई नव्हती, ती म्हशींमागे गायरानात. बाहेर पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकेक ट्रॉली जाईपर्यंत मला थांबावं लागत होतं. तरी भाषण चांगलं झालं. टाळ्या पडल्या. मग भाऊसाहेबांनी प्रोसिडिंगचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. तुम्ही आधी करा ताई, म्हणजे बाकीच्या बाया करतील. मी सही केली, लफ्फेदार, जशी पदवीच्या अर्जावर करते तशी. माझ्यामागे बारा-पंधरा सह्या झाल्या. रजिस्टर फिरत आप्पांकडे गेलं.

ते त्यांनी मांडीवर ठेवलं आणि पेन परत दिलं.

पानाचा वरचा अर्धा भाग कोरा होता. सह्या मधून सुरू झाल्या होत्या. मी त्या कोऱ्या भागाखाली सही केली होती आणि मला तो दिसलाच नव्हता.

"पहिले वर लिख, मंग खाले सही मांग," आप्पा भाऊसाहेबांना म्हणाले.

भाऊसाहेबांनी समजावलं. ही नुसती हजेरी आहे, वृत्तांत नंतर लिहायची पद्धत सगळीकडेच आहे. मग हसून म्हणाले, "आप्पा, तुमच्या पोरीनं केली की. ती तर शिकलेली आहे."

लोक हसले. मला झोंबलं, आणि झोंबल्यामुळे मी चुकीच्या बाजूनं बोलले. घटना समितीनंही वरचा मजकूर शेवटीच घेतला होता, असं मी आप्पांना सगळ्यांसमोर सुनावलं.

"त्यासनं खाले भांडन तरी व्हयेल व्हतं," ते म्हणाले. "आठे खाले नुसत्या सह्या."

मग कोणी हसलं नाही. मागून एकानं गायरानाचं काय, असं विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, आज तो विषय नाही. तर तसं लिहा, मी म्हणाले. ते म्हणाले, जो विषय नाही तो लिहायचा कसा? हे बोलणं कायद्यानं बरोबर असेल, पण मला ते आधीच तयार ठेवलेलं वाटलं. मी आप्पांच्या मांडीवरून रजिस्टर घेतलं आणि वर लिहिलं: आज सभेत उद्देशिका वाचली, गायरानाबद्दल ठराव झाला नाही. तरी खाली सात-आठ ओळींची जागा उरली. तिच्यात मी उद्देशिका उतरवून काढली. तोंडपाठ होतीच. अक्षर मोठं केलं, समास सोडला नाही, शेवटची ओळ सह्यांना टेकवली. शासकीय कागद आहे ताई, असं भाऊसाहेब दोनदा म्हणाले. आप्पांनी वाचून पाहिलं आणि सही केली. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांच्या मनात खरंच काही नसेल. असेलही. मला आजही सांगता येत नाही.

दोन महिन्यांनी मी त्या पानाची नक्कल मागायला गेले. पान जसंच्या तसं होतं. आता तरी विश्वास बसला का, भाऊसाहेबांनी विचारलं. मी पुढचं पान उलटलं. महिला सभेचं होतं. वर अर्धी जागा कोरी, खाली बायांच्या सह्या आणि अंगठे. चौथी सही आईची. मी पेन मागितलं, तर मागच्या सभेच्या पानावर आता लिहिता येत नाही म्हणाले. तेही नियमाला धरूनच होतं.

घरी आई गोठ्यात होती. एवढं रामायण झालं तरी तू सही कशी केली, मी विचारलं.

"ती गावनी सभा व्हती. ही बायास्नी."

वर काय लिहिलं होतं?

"काहीच नही." तिनं हात पदराला पुसले. "अंगठा नही दिधा मी. मन्हं नाव मीच लिखं."

तिला ते नाव लिहायला मीच शिकवलं होतं, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना.