गिलक्याची पुरचुंडी

घरात बी फुटवायचं वेड माझं नव्हे, आमच्या ह्यांचं. कडोदऱ्याच्या त्या पत्र्याच्या खोलीत माणसांनाच अंग पसरायला जागा नव्हती, तिथे वेलांची रोपं करायची म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण. पण ह्यांनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत.

मनात घेतलं होतं ते असं. माझा भाऊ चलथाणला साखर कारखान्यात कामाला होता. त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा ऊस थंडी संपताना तुटणार होता, आणि पावसाळ्यापर्यंत ते रान तो आम्हाला भाजीपाल्याला द्यायला तयार होता. तिथेच खोपीत राहायचं, उन्हाळाभर कारली-गिलकी काढायची आणि कापड विणायच्या लूमचं तोंड बघायचं नाही. लूमवर राबून ह्यांची छाती पोखरली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने टीबी सांगितला, गोळ्या दिल्या आणि ते काम सोडा म्हणून बजावलं. सोडून जायचं कुठे, ते काही त्याने सांगितलं नाही. आम्हाला मिळालेली जागा ती एकच. शेतकऱ्याची अट एवढीच, की गडी धडधाकट हवा. भावाने त्याला आजाराचा पत्ता लागू दिला नव्हता. शेजाऱ्यांनाही आम्ही दमा सांगायचो. प्लेग येऊन गेल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा होता. ताप म्हटलं की लोक दारं लावून घ्यायचे.

ऊस तुटल्यावर बी टाकत बसलं तर अर्धा उन्हाळा हातचा जाणार, म्हणून रोपं आधीच तयार हवी होती. पण थंडीत वेलाचं बी उघड्यावर फुटत नाही. आमच्या घरी, खानदेशात, बायका भिजवलेलं बी ओल्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी कमरेला खोचायच्या. अंगाच्या उबेवर ते फुटायचं. मीही खोचली. पण मी साड्यांच्या कारखान्यात धागे कापायला जायची, दिवसभर जमिनीवर बसायचं, उठता-बसता बी चेंगरायचं. मग एक दिवस हे म्हणाले, "मनाजोडे दे," माझ्याजवळ दे. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. रोज दिवेलागणीला ह्यांच्या अंगात ताप भरायचा. "फुकट चाललाय, कामाला तरी येऊ दे," असं म्हणून वर हसले. असला संताप आला मला. थट्टा करायची ही गोष्ट होती का? पण पुरचुंडी मी दिली.

कारल्याचं बी टणक. माझ्या कमरेला आठवडा झाला तरी हललं नव्हतं, ते ह्यांच्या गोधडीत बघता बघता फुटलं. सुताच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या ह्यांनी लूमवरून आणून ठेवल्या होत्या. त्यांचे तुकडे केले, माती भरली आणि एकेका नळीत एकेक बी लावलं. दिवसा नळ्या दारात उन्हाला, रात्री आत. पानांवर आसपासच्या लूमची बारीक तंतूंची धूळ बसायची. ती मी ओल्या फडक्याने पुसायची, आणि पुसताना ह्यांच्या छातीत काय साचलं असेल ते मनात यायचंच.

मग गोळ्यांचा गुण आला. ताप उतरला. मी कामावरून यायची तर हे तोंड धुऊन, ओले केस नीट विंचरून बसलेले. "ताप?" विचारलं की, "माले काहीच व्हयेल नही." डॉक्टरने वेगळं झोपायला सांगितलं होतं म्हणून माझी पथारी दाराशी असायची, पण तिथूनही त्यांची झोप शांत वाटायची. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात गिलक्याची पुरचुंडी बांधली. तीही ह्यांनी हट्टाने आपल्याच गोधडीत ठेवली. मी रोज सकाळी सोडून बघायची. बी जसंच्या तसं, काळं आणि मुकं. हे हिरमुसायचे. मला मात्र आतून उकळ्या फुटायच्या. नाही फुटलं तर नाही फुटलं, रस्त्यावरून रोपं विकत आणू. ताप नाही म्हणून बी फुटत नाही, ह्याहून मला काय हवं होतं? एकदा तर मी गुणगुणतच चहा केला.

आणि एके सकाळी पुरचुंडी सोडली तर सगळं बी फुटलेलं. एक दाणा मागे राहिला नव्हता. पांढरेशुभ्र कोंब, कालच्या बंद दाण्यांतून एका रात्रीत तांदळाच्या दाण्याएवढे आलेले.

"बघ, आलं की नाही?" हे गोधडीतून म्हणाले. चेहरा असा उजळला होता.

मी पुढे होऊन मानेवर हात ठेवला. अंग भाजत होतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, ताप उतरल्याबरोबर गोळ्या बंद केल्या होत्या ह्यांनी. आता बरं वाटतंय, मग कशाला, म्हणून. ताप पुन्हा भरायला लागला तेव्हा मी कामावरून यायच्या आत गार पाण्याने तोंड-डोकं धुऊन बसायचे. मला कळलं तर मी दवाखान्यात भरती करीन, तिकडे रानाचं फिसकटेल, ह्या भीतीने.

मला ओरडायचं होतं. काय काय बोलायचं होतं. पण हे म्हणाले, "आधी माती भर. कोंब वाळतील." आणि मी बसले माती भरायला. हे पडल्या पडल्या सांगत होते, कोंब खाली कर, खोल नको, हलक्या हाताने दाब. मी दाबत होते आणि डोळ्यांतलं पाणी त्याच मातीत पडत होतं. शेवटची नळी भरून झाल्यावरच ते दवाखान्यात यायला उठले.

ऊस तुटायच्या आत हे गेले.

रोपं भाऊ येऊन घेऊन गेला आणि शेतकऱ्याच्या रानात दुसऱ्याच कुणी लावली. गिलकी अमाप आली. भावाने एकदा पिशवीभर आणली, दाजींच्या हातची म्हणाला. मी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.