चोवीस ट्रान्झिस्टर आणि एक बल्ब

बसा, चहा ठेवलाय. तोवर माझी फजिती ऐकून घ्या. नाहीतर गाव सांगणारच आहे तुम्हाला, आणि गावाला तपशील नीट येत नाहीत.

मी सोनगीरचा. शाळा म्हणाल तर सातवीत दोनदा बसलो. मास्तरांना दोन्ही वेळा मला पास करता आलं नाही. पण हातात पेचकस द्या, मग बघा! चाळीस वर्षं ओट्यावर बसून अख्ख्या गावाचे रेडिओ, टेप, टीव्ही उघडले. त्यातले बरेचसे परत बंदही केले.

दुसरी खोड मस्करीची. एका पोळ्याला सरपंचाच्या बैलाच्या झुलीखाली स्पीकर लपवला आणि भर मिरवणुकीत बैलाला बोलायला लावलं, "सरपंच, माझी पेंड कुठं गेली?" बायाबापड्यांनी बैलाला हात जोडले. सरपंच आठवडाभर बैलाच्या समोर गेला नाही. असा मी!

तर यंदाच्या श्रावणात आमच्या गल्लीची कानबाई, म्हणजे आम्हा खानदेशींची देवी, बसायची होती. कानबाई रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जनाला निघते. पोरं म्हणाली, "नाना, धुळ्याहून डीजे आणू."

"डीजे? मी जिवंत असताना? दोन हजार वॅटचं अँप घरी बांधतो. कानबाई स्वतः वळून बघेल!"

बोललो खरा. आता बांधणं आलं.

अँप्लिफायरचा जीव असतो ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि ट्रान्सफॉर्मरचा जीव त्याच्या तांब्याच्या तारेत. तो गुंडाळावा युसूफभाईनेच. हायवेला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. पंचक्रोशीतले शेतकरी जळक्या मोटारी घेऊन त्याच्याकडे येतात. माझा तीस वर्षांचा दोस्त. ईदला शीरखुर्मा त्याच्याकडे, दिवाळीला शेव-चिवडा माझ्याकडे. त्याने असा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला, की उचलताना मला माझं वय कळलं.

मी आठ ट्रान्झिस्टर बसवले, कपॅसिटर बसवले, आणि पहिल्यांदा चालू करताना नियमाप्रमाणे मधे शंभर वॅटचा बल्ब जोडला. ही आमची जुनी रीत. नवं अँप थेट लाईटला लावत नाहीत. लाईट आधी बल्बातून येते, मग अँपमध्ये जाते. कुठे शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि माल वाचतो. सगळं ठीक दिसलं की बल्ब काढून टाकायचा. शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं.

मी बल्ब काढला नाही.

विसरलो! आणि विसरलो कशामुळे? कौतुकामुळे. गाणं लावलं की तो बल्ब ठेक्यावर लुकलुकायचा. पोरं म्हणाली, "नाना, लाईटपण नाचते!" मी म्हणालो, "मग! ही माझी खास डिझाईन." एकदा स्वतःची डिझाईन म्हटल्यावर काढतो कोण?

आता तुम्हीच सांगा, बल्बातून गाळून आलेल्या लाईटवर दोन हजार वॅट कुठून निघणार? हळू वाजवलं की गोड वाजायचं. आवाज वाढवला की गळा दाबलेल्या कोंबड्यासारखं! ढोलकीचा 'धूम' यायच्या जागी नुसतं 'फुस'.

मी आठाचे सोळा ट्रान्झिस्टर केले. फुस. सोळाचे चोवीस केले. फुस. कपॅसिटर डब्याएवढे घातले. फुस! मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चूक माझी नाहीच. चूक युसूफची.

"युसूफभाई, तार कोणती घातली?"

"तांब्याची, नाना. सौ टका." त्याने ब्लेडने तार खरवडून दाखवली. आत लालबुंद तांबं.

"वरून मुलामा असेल. आत अॅल्युमिनियम."

त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी नवी तार घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि माझ्या समोर, एकेक फेरा मोठ्याने मोजत, अख्खा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला. "आता बघा, नाना."

बघितलं. फुस.

आणि मग मी, हुशार माणूस, चहाच्या टपरीवर दहा जणांत बोललो, "युसूफ तांब्याच्या नावाखाली अॅल्युमिनियम घालतो."

आता सोनगीर म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. इथे कोणाला चोर म्हणा, हसून सोडतील. पण तांब्यात भेसळ करतो म्हणा! तीन दिवसांत चार शेतकरी मोटारी घेऊन युसूफच्या दुकानावरून पुढे धुळ्याला गेले. तीस वर्षांचं नाव माझ्या एका वाक्यात गेलं. आणि मी बिनधास्त! डोळ्यांपुढे बल्ब लुकलुकतोय आणि मी पंचविसाव्या ट्रान्झिस्टरला भोक पाडतोय.

रविवारी दुपारी आमची सिंधू आली. म्हणजे बायको. कानबाईच्या आरासमधला दिवा उडाला होता.

"आयकतस का? हाऊ बल्ब लई जास मी."

"अगं, नको..."

तोवर तिने पदराने धरून बल्ब पिळून काढलासुद्धा. आणि अँप बंद! गाणं गायब. तिने बल्बाकडे पाहिलं, अँपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी त बल्ब काढा. तुमनं मशीन कसं बंद व्हयनं?"

काय सांगू तुम्हाला! श्रावणात घाम फुटला. वायर थेट लाईटला लावली, हळूच आवाज वाढवला, आणि 'धूम!' फळीवरचे डबे खाली. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. सिंधू कानबाईला हात जोडत घराबाहेर.

मी तसाच बनियनवर युसूफच्या दुकानात. "युसूफभाई, चुकलो! बल्ब राहिला होता मधे. तुझी तार सोन्यासारखी!"

तो हातातलं काम न सोडता म्हणाला, "नाना, बैलाला बोलायला लावलं, मी हसलो. पण माझ्या धंद्याशी मजाक?"

"मजाक नाही रे! खरंच कळलं नाही!"

"चाळीस साल रिपेअरिंग करणाऱ्याला सिरीजचा बल्ब कळत नाही? कोण मानेल?" मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "गलती असती तर माफ होती. तुम्ही मुद्दाम केलं."

टपरीवर गेलो, तिथे तर कहर. खरं सांगितलं तर सगळे टाळ्या देऊन हसायला लागले. "वा नाना! युसूफला दोनदा गुंडाळायला लावलं! बैलानंतरची एक नंबर मस्करी!" कबूल करतो, क्षणभर मलाही बरं वाटलं. गाढव ठरण्यापेक्षा खट्याळ ठरणं कोणाला आवडणार नाही? पण तसं ठरलो असतो तर दोस्त कायमचा गेला असता.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. ट्रॉलीवर जनरेटर, अँप, सहा मोठे स्पीकर. अख्खं गाव रस्त्यावर. युसूफ त्याच्या दुकानाच्या पायरीवर, तोंड फिरवून उभा. मी ट्रॉली थांबवली आणि माईक घेतला.

"गावकऱ्यांनो, युसूफभाईची तार अस्सल तांब्याची आहे. मी बल्ब काढायला विसरलो. मी गाढव आहे!"

हशा! शिट्ट्या! "नाना, काय नवीन पुडी सोडली?" कोणी म्हणे, आता बैल कुठून बोलतोय बघा. मी जितक्या शपथा घेतो तितके लोक जास्त हसतात. युसूफ आत जायला वळला.

तेवढ्यात सिंधूने माझ्या हातातून माईक हिसकावला.

"हासू नका! मी तठे उभी व्हती, बल्ब मी काढा! चाळीस वरीस व्हयनात, मी यासले वळखस. मस्करी कराले डोकं लागस. यासले खरंच समजनं नही!"

मग एकेक मान डोलायला लागली. हो, हे पटण्यासारखं आहे. माझ्या दहा शपथांवर कोणाचा विश्वास बसला नाही, बायकोच्या एका वाक्यावर अख्खं गाव राजी! युसूफ पायरीवरच खाली बसला आणि पोट धरून हसला. दुपारी शेवभाजीला माझ्याकडेच होता. आठवड्यात शेतकऱ्यांच्या मोटारी परत त्याच्या दारात.

त्याच सोमवारी संध्याकाळी हायवेवरच्या ढाब्याचा मालक भेटला. ढाबा गावापासून चांगला लांब, बरं का. म्हणाला, "नाना, वहिनी सकाळी जे बोलल्या ना तुमच्याबद्दल, ते तिकडे शब्दन् शब्द ऐकू आलं. ट्रकवाले जेवण सोडून ऐकत होते."

मी विचारलं, "आवाज कुठे फाटला का?"

"अजिबात नाही."

मग! सांगत होतो ना, दोन हजार वॅट!