अल बर्शाची अन्नपूर्णा

गणपतीच्या दिवसांत दुबईच्या अल बर्शातल्या त्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर गूळखोबऱ्याचा असा घमघमाट सुटायचा की समोरच्या खैरुन्निसा, मूळच्या रत्नागिरीच्या, दार किलकिलं करून विचारायच्याच, "मंजुषाबाय, आज भावोजींना सुट्टी नाय वाटतं?" आणि डोळे मिचकावून दार लावून घ्यायच्या. कारण सगळं मराठी मंडळ ज्या मोदकांवर तुटून पडायचं, ते मंजुषा करत नव्हती हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मोदक करायचा तिचा नवरा, शैलेंद्र.

आता हे झालं कसं? तर दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत शैलेंद्रच्या बांधकाम कंपनीने एका आठवड्यात निम्मी माणसं घरी पाठवली. दुबईभर क्रेना अर्ध्या इमारतींवर माना टाकून उभ्या होत्या. महिन्याभरात दुसरा व्हिसा मिळाला नाही तर पुण्याचं विमान पकडायचं, असा मामला. मंजुषा सिलिकॉन ओएसिसमध्ये इंजिनिअर. तिचं पद आणि पगार नियमात बसत होते, म्हणून तिनेच नवऱ्याला स्पॉन्सर करून आपल्या व्हिसावर घेतलं. व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या मल्याळी माणसाने फॉर्म दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, उलटा तो नहीं हो गया?"

उलटं नव्हतं झालं, पण सांगायचं कुणाला? मंडळात शैलेंद्र म्हणाला, "सध्या कन्सल्टिंग करतोय." मंजुषा म्हणाली, "मी आपली वेळ जावा म्हणून ऑफिसला जाते." त्या वर्षी घरी बसून बसून कंटाळलेल्या शैलेंद्रने आईला फोनवर विचारत विचारत मोदक केले, आणि डबा मंजुषाने मंडळात नेला. महिला विभागाच्या साधनाताईंनी एक मोदक तोंडात टाकला नि किंचाळल्या, "मंजुषा, हात काय गं तुझा!"

मंजुषा म्हणाली, "चालायचंच."

झालं. ते एक 'चालायचंच' नऊ वर्षं चाललं.

नऊ वर्षांनी साधनाताईंचा फोन आला. "ऐक, यंदा मंडळाचा अन्नपूर्णा पुरस्कार तुला! साडी चारशे दिरहमची आहे, म्हणजे जवळजवळ आठ हजार रुपये बरं का. आणि स्टेजवर एक मोदक करून दाखवायचा. नाही म्हणायचं नाही, खलास!"

फोन ठेवला तेव्हा मंजुषाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. जिची पोळी कधी पोळपाटाएवढी गोल झाली नाही, ती अन्नपूर्णा!

त्यात घरात वेगळंच रामायण सुरू होतं. पंधरा वर्षांच्या लेकीच्या, ओवीच्या, भिंतीवर 'हनीबेल' नावाच्या कोरियन गाणाऱ्या मुलींचं पोस्टर होतं. त्यातली मिन्हा तिची लाडकी. झालरीचा फ्रॉक, केसांत रिबिनी, गालाला बोट. मंजुषा तिला 'बाहुली' म्हणायची, पण मनातून ती तिला आवडायची. निरुपद्रवी होती बिचारी. आणि अचानक मिन्हाने केस कापले, स्टेजवर चष्मा लावून आली आणि मुलाखतीत म्हणाली, मी तीन वर्षं लाजायची प्रॅक्टिस केली, आता दमले. निम्म्या चाहत्यांनी तिचे फोटो कात्रीने कापून इंटरनेटवर टाकले, उरलेल्यांनी तिची देवी केली. मग नवा व्हिडिओ आला. पाची मुली काळ्या सुटात, पायाखाली जुने फ्रॉक तुडवत. याच गाण्यावर ओवी आणि तिच्या मैत्रिणी मंडळात नाचणार होत्या.

"बरं केलं हो तिने," मंजुषा पोस्टरकडे बघत म्हणाली. "पण हा सूट तिने निवडला की कंपनीने?"

"आय डोन्ट नो, आई."

"म्हणजे लाजायला कंपनीने शिकवलं, आणि आता रागवायलाही कंपनीच शिकवते?"

"मे बी. मे बी शी वॉन्ट्स इट टू."

"मग खरी कुठली?"

ओवीने हेडफोन काढला. "यू टेल मी. हू मेक्स द मोदक्स?"

मंजुषा दाराशी जाऊन परत आली. "नाही गेले तर साधनाताईंना काय सांगू?"

"इफ यू टेक दॅट प्राइझ, आय ॲम नॉट डान्सिंग. सीरियसली."

पुरस्कार घेतला तर मुलगी हातची जाणार, खरं बोललं तर नवऱ्याची अब्रू. मंजुषाने तिसरा रस्ता काढला: मोदक शिकायचा. गुरुवारभर शैलेंद्रने तिला बसवून शिकवलं. "हलक्या हाताने. अगं, कळी पाडायचीय, स्क्रू पिळायचा नाहीये!" बारा मोदक झाले. अकरा फुटले. बारावा फुटला नाही, पण तो मोदक आहे हे सांगावं लागत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला. टेबलावर उकड, सारण, तुपाची वाटी. साधनाताईंनी माईकवर अन्नपूर्णेचं गुणगान केलं, साडी हातात दिली आणि म्हणाल्या, "यल्ला, होऊन जाऊ दे!" मंजुषाने पारी केली, सारण भरलं, कळ्या काढायला गेली आणि हातात उकडलेला बटाटा तयार झाला. हॉलमध्ये खसखस पिकली.

"स्टेजची भीती हो!" साधनाताईंनी सांभाळून घेतलं. "हात थरथरतायत बिचारीचे."

सुटायला वाट अगदी समोर होती. थोडं लाजून हसलं की काम झालं असतं. मंजुषाने हसायला तोंड उघडलंही, तेवढ्यात पडद्याआड काळ्या सुटात, हाताची घडी घालून उभी असलेली ओवी दिसली.

मंजुषाने माईक ओढला. मंडळात ती नवऱ्याला नेहमी 'अहो' म्हणायची. तेही विसरली. "शैलेंद्र, वर ये रे! मोदक हा करतो. नऊ वर्षं. मला नुसते खाता येतात."

शैलेंद्र लाल कानांनी वर आला आणि बघता बघता एकवीस कळ्या पाडून त्याने शेंडा बंद केला. टाळ्यांचा कडकडाट. मंजुषाला पुढचंही सांगायचं होतं, व्हिसाचं, पगाराचं. पण टाळ्या थांबेनात, आणि बायका शैलेंद्रभोवती गोळा झाल्या. "किती समजूतदार!" "नाहीतर आमचे!" एक म्हणाली, "बिचारा, आणि ही ऑफिसात टाइमपास करते."

साडी काखेत धरून मंजुषा उभी. हलकं वाटायला हवं होतं, मग हे काय वाटतंय? ओवी मात्र नाचली, आणि फ्रॉक तुडवताना आईकडे बघून हसली.

गाडीत शैलेंद्र म्हणाला, "मला वाटायचं, तुला आवडतं मोदकवाली म्हणवून घ्यायला."

"मला? मी तुझ्यासाठी गप्प होते!"

"मी तुझ्यासाठी."

मागच्या सीटवर ओवीने कपाळाला हात लावला.

सकाळी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. खाली लिहिलेलं: 'आदर्श पती शैलेंद्र! पुढच्या वर्षी यांना विशेष पुरस्कार.' मंजुषा उसळली. "मोदक केले तर आदर्श! नऊ वर्षं मी घर चालवलं, मला कुणी आदर्श म्हटलं?"

"सांगितलंस कुठे तू?" शैलेंद्र तांदूळ धुता धुता म्हणाला.

तिने लिहिलं, 'शैलेंद्र माझ्या व्हिसावर आहे. घर माझ्या पगारावर चालतं. हे टाइमपास नव्हे.' मोबाईल त्याच्यासमोर धरला. त्याने ओल्या हाताने चष्मा वर सारला, दोनदा वाचलं, टायपिंग सेंटरमधल्या माणसासारखं. मग म्हणाला, "पाठव. कन्सल्टिंग करून मीही दमलोय."

तिने पाठवलं. एकेकाच्या निळ्या खुणा उमटत गेल्या. साठ जणांनी वाचलं. अखेर साधनाताईंचं टायपिंग दिसू लागलं. थांबलं. पुन्हा दिसलं.

'छान हो. पण मग ती साडी नक्की कुणाची समजायची?'

मंजुषाने वळून पाहिलं. साडी सोफ्यावर होती तशीच पडली होती, घडीसुद्धा मोडली नव्हती. तिने 'माझी' लिहिलं, खोडलं, 'शैलेंद्रची' लिहिलं, तेही खोडलं, आणि ओवीला हाक मारली, "खरं काय लिहू गं?"

"डोन्ट आस्क मी," आतून आवाज आला. "मिन्हा डझन्ट नो आयदर."